आपांचं व्रत

आपा बसायचे फार सुंदर. कुणी सुंदर गातं, कुणाचं अक्षर सुंदर असतं, तसं आपांचं बसणं. घराच्या पुढच्या सोप्यावर, उजव्या खांबाला पाठ लावून, एक पाय खाली सोडून आणि दुसरा दुमडून घेऊन ते सकाळी जे बसायचे ते जेवणाच्या हाकेलाच उठायचे. त्या जागेचं लाल सिमेंट बाकीच्या सोप्यापेक्षा जास्त चकचकीत होतं, आणि ती चकाकी त्यांच्या बायकोच्या, माईंच्या, पुसण्यानं आलेली नव्हती. रस्त्यावरून जो कोणी जाईल त्याला ते हटकायचे, "खय धावतंस रे? थय काय फुकट वाटतत?" सायकलवरचा पाववाला असो, शाळेत शिकवायला जायला उशीर झालेली मी असो, नाहीतर गावचे मुख्य मानकरी, प्रत्यक्ष गावकर असोत. धावणाऱ्या माणसाविषयी त्यांना मनापासून कीव वाटायची.

आमचा वाडा, म्हणजे आमची वस्ती, गोव्यातल्या पार्स्याच्या अलीकडचा. आपांचं घर आणि आमचं घर यांच्यात फक्त एक जांभ्याचं कुंपण, तेही मधे ढासळलेलं, त्यामुळे दोन्ही घरांतली भांडणं आणि फोडण्या आम्ही वाटूनच घेत होतो. आपांची सगळी नोकरी डिचोलीला खाणीवर गेली. कुठला ट्रक कुठल्या जेटीला जायचा ते खुर्चीत बसून सांगायचं, हे त्यांचं काम. खाणी बंद पडल्या तेव्हा ट्रक उभे राहिले आणि आपा घरी येऊन बसले. खुर्ची सुटली, पण बैठक काही सुटली नाही.

असा हा माणूस वर्षातून एक दिवस उठायचा, आणि उठायचा म्हणजे कसा! शिगम्याला, म्हणजे होळीच्या सणात, आमच्याकडे घोडेमोडणी होते. बांबूचा सांगाडा कमरेला बांधायचा, पुढे लाकडी घोड्याचं तोंड, अंगावर झुली आणि फुलांच्या माळा, एका हातात लगाम, दुसऱ्या हातात तलवार, पायांत घुंगरू. ढोल-ताशांच्या तालावर हे घोडे देवळापासून वडापर्यंत आणि वडापासून परत देवळापर्यंत नाचत जातात. त्यातला पहिला घोडा आपांच्या घराचा. त्यांच्या आजोबांपासूनचा तो मान. त्या दिवशी आपांना पाहिलं की वाटायचं, वर्षभर हा माणूस बसत नव्हता, साठवत होता.

पण शरीर काही साठवत नसतं, हे आम्हांला एका शिगम्याला कळलं. वडाजवळ पोचता पोचता आपांना धाप लागली. चेहरा घामानं भिजला, तलवार खाली आली आणि ढोल वाजत असतानाच ते मटकन खाली बसले, घोड्यासकट. घोड्याची झूल मातीत लोळली. चालू मोडणीत पहिला घोडा जमिनीला टेकणं म्हणजे केवढा अपशकुन, ते आमच्याकडच्या माणसाला सांगायला नको. चार जणांनी आपांना उचलून बाजूला घेतलं, पाणी पाजलं. बरे झाले. पण संध्याकाळी गावकर घरी आले आणि अगदी मवाळ आवाजात म्हणाले, "आपा, फुडल्या वर्साक डाक्टराचो शब्द आणा. डाक्टर व्हय म्हणता तर घोडो तुमचो. नायतर वाशाक टांगून ऱ्हवांदी. तुमच्या जिवापरास मान मोठो नाय."

आपांचा एकुलता एक मुलगा उल्हास बोटीवर नोकरीला. शिगम्याला त्याची बोट कुठल्या समुद्रात असेल ते त्यालाच माहीत नसायचं. घरात घोडा बांधणारं दुसरं कोणी नव्हतं. गावकर गेल्यावर आपा बराच वेळ वर वाशांकडे पाहत बसले. मग मला म्हणाले, "बाय, आजोबान बांधलो, बापाशीन बांधलो. माझ्या वेळार घोडो टांगून ऱ्हवलो तर मी तेंका वर जावन तोंड कसा दाखयतलंय?" एरवी थट्टेशिवाय न बोलणारा माणूस हे बोलताना अगदी लहान दिसत होता.

म्हणून मी त्यांना माझ्या स्कूटरवर मागे बसवून पेडण्याला डॉक्टरीणबाईंकडे नेलं. बाई डिचोलीच्या, वयानं तरुण, बोलायला मिठ्ठास पण सोडायला तयार नाहीत अशा. रक्त तपासलं, म्हापशाला पाठवून फिरत्या पट्ट्यावर चालवून हृदयाची परीक्षा घेतली. त्या पट्ट्याविषयी आपांनी परत येताना मत दिलं, "चलान चलान खयच पावाक नाय. असलो रस्तो मी पयल्यांदाच बघलंय." हृदय अजून शाबूत होतं, पण कोलेस्टेरॉलचे आकडे पाहून बाईंच्या कपाळावर आठ्या आल्या.

"आपा, तुमी खाणीवर होतात मा? ट्रक माती घेवन जातत तेवा वाटेर सांडतत काय नाय?"

"सांडतत तर! सगळो रस्तो तांबडो."

"ता वायट कोलेस्टेरॉल. रक्ताच्या नळयेत सांडता आनी थयच बसता. आनी मागसून रस्तो झाडीत येतत ते झाडपी म्हणजे चांगला कोलेस्टेरॉल. तुमच्याकडे ट्रक धावतत आनी झाडपी घराकडे बसले आसत."

आपांच्या नोकरीच्या अभिमानाला हे फार लागलं. "माझ्या हाताखालचे झाडपी कधी घराकडे बसाक नाय! तेंका कामाक कसा लावचा ता सांगा."

"तुमी चला, ते येतले. रोज चलाचा, घाम येयसर. रक्तात आणखी एक चरबी आसता, ती तर चलण्यान बरीच उतरता. पण ट्रक कमी करूक गोळी होयीच हा. चलतंय म्हणान गोळी सोडूची नाय, आनी गोळी घेतंय म्हणान बसाचा नाय."

"मगे घोडो?"

"शिगम्याच्या आदी परत रक्त बघूया. मगे सांगतंय."

झालं. त्या दिवसापासून आपांच्या घरात कोलेस्टेरॉल हा शब्द कुणी उच्चारला नाही. झाडपी आणि ट्रक. चवथीच्या आरत्यांना आलेले लोक प्रसाद घेता घेता विचारायचे, "आपा, झाडपी कितके इले?"

येणार कुठून? चालायचं ठरवलेला माणूस आधी न चालण्याच्या सगळ्या वाटा शोधतो. उल्हासनं बोटीवरून पावलं मोजणारं घड्याळ पाठवलं होतं. आपांनी ते हाताला बांधलं आणि दोन दिवसांत शोध लावला की सोप्यावर बसून हात जोरजोरात हलवला तरी घड्याळ चालल्याचंच धरतं. एका सकाळी मी कुंपणावरून पाहते तर आपा खांबाला टेकून, डोळे मिटून, एक हात झुलवताहेत. मला वाटलं, भजन चाललंय. माईंनी स्वयंपाकघरातून येऊन ते घड्याळ काढून घेतलं आणि स्वतःच्या हाताला बांधलं. संध्याकाळी पाहिलं तर विहीर, गोठा, चूल यांच्यामध्ये माई आपांच्या आठवड्यापेक्षा जास्त चालल्या होत्या. "आता सांगा, कोणाचे झाडपी घराकडे आसत ते," माई म्हणाल्या. आपा मुकाट्यानं चपला घालून बाहेर पडले.

आता एक अडचण अशी की आमच्याकडे मोठा माणूस उगाच चालत नाही. पार्स्याच्या बाजाराला जातो, बागायतीत जातो, मयताला जातो. आपा हात हलवत, रिकामे, भल्या सकाळी रस्त्यानं निघाले तर पहिल्याच घरातून हाक आली, "आपा, कोण गेला?" दुसऱ्या घरातली बाई पदर सावरत धावत फाटकापर्यंत आली, "कोणाची तब्येत बिघाडली? उल्हासाचो फोन इलो काय?" आपांनी सांगून पाहिलं, "कायच जावक नाय, नुसतो चलतंय." नुसतो चलतंय! हे ऐकून तर ती बाई आणखीच घाबरली आणि माईंकडे येऊन हळूच विचारून गेली, डोकं-बिकं ठीक आहे ना.

म्हणून आपांनी हातात पिशवी घेतली. पिशवी हातात असली की माणूस कुठेतरी चाललेला असतो, लोकांचं समाधान होतं. पण पिशवीवाल्याला कामंही मिळतात. कुणी म्हणायचं, बाजारात जाताय तर कोथिंबीर आणा, कुणी लेकीच्या घरी वांग्याची रोपं पोचवायला द्यायचं. आपांना ते आवडायला लागलं. मला वाटलं, चला, गाडी रुळावर आली.

रुळावर कसली! तीन महिन्यांनी रक्त तपासलं तर डॉक्टरीणबाईंनी कागद दोनदा उलटून पाहिला. झाडपी होते तेवढेच, आणि चालण्यानं जी चरबी उतरायला हवी होती ती उलट चढलेली. बाई माझ्याकडे पाहायला लागल्या, जणू मीच खाल्लं होतं. आपा आढ्याकडे पाहत होते. "खरा सांगा, चलतास मा?" "रोज चलतंय, सातेरीची शपथ." आणि ते खरंच होतं, मी रोज पाहत होते.

माईंनी दुसऱ्या दिवशी त्यांच्या मागोमाग मला पाठवलं, तेव्हा उलगडा झाला. आमच्या वाड्यापासून ग्रामदेवी सातेरीच्या देवळापर्यंतच्या रस्त्यावर दुतर्फा घरं, आणि प्रत्येक घरात आपांना ओळखणारं माणूस. पहिल्या घरी चहा आणि नारळाची वडी. पुढे पाववाला नुकताच येऊन गेलेला, म्हणून गरम पाव आणि वाटाण्याची पातळभाजी. त्यापुढे नुकतंच चण्याच्या डाळीचं गोड मणगणें केलेलं, "तुमकाच काढून ठेयलला." देवळाजवळच्या हॉटेलात मिरचीची भजी. आपा नको म्हणत होते, हे मी शपथेवर सांगते. पण आमच्याकडे नको म्हणणं म्हणजे आग्रहाला सुरुवात. "डाक्टरान नको म्हटला हा" असं सांगितलं की लोक म्हणायचे, "डाक्टराक काय कळता? आमच्या आजोबान लोणी खावन शंभरी गाठली. घेवा, एक वडी घेवा." दारावरून चहा न घेता जाणं हा तर अपमानच. दोन दिवस आपा तसे गेले तर एका घरानं माईंशी बोलणं टाकलं.

घरी येऊन मी सगळं सांगितलं. माई कपाळाला हात लावून बसल्या. आपा म्हणाले, "मी काय करूचा? एका बाजून देवीचा देऊळ, दुसऱ्या बाजून डाक्टर आनी मधी सगळी भजी." मला हसू येत होतं, पण शिगमा जवळ येत होता आणि घोडा वाशाला टांगलेला दिसत होता, त्यामुळे कुणीच मोठ्यानं हसलं नाही.

पुढच्या सोमवारी आपा निघाले आणि चक्क लवकर परतले, घामाघूम, पण पोट रिकामं. चेहऱ्यावर मोठा विजय. मी विचारलं, काय केलंत? तर म्हणाले, "सांगलंय, माझा व्रत आसा. शिगमोसर कोणाच्या घराकडे कायच तोंडात घालूचा नाय." आणि काय सांगू, डॉक्टरचा शब्द जिथे कुणी जुमानत नव्हतं तिथे व्रत म्हटल्याबरोबर सगळे मागे सरले! वडी घेऊन पुढे आलेल्या बाईनं वडी पदराआड लपवली आणि हात जोडले. हॉटेलवाल्यानं भज्यांची कढई आपा पुढे जाईपर्यंत झाकून ठेवली. व्रतस्थ माणसाला भुलवण्याचं पाप कोण घेणार?

आता वाडाभर चर्चा, व्रत कशाचं? कुणी म्हणालं उल्हासच्या लग्नाचं, कुणी म्हणालं खाणी परत सुरू व्हाव्यात म्हणून. आपा गूढ हसायचे. पण हे सगळं माईंच्या कानावर गेलं आणि माई, ज्यांचा आवाज कधी कुंपणापलीकडे यायचा नाही, त्या कडाडल्या. "व्रत? खयचा व्रत? देवीक ठावक नाय, माका ठावक नाय! देवीच्या नावान फटी मारतास? आदी जावन खऱ्यान व्रत घेवा, मगेच घरात पाय ठेवा." आपांनी माझ्याकडे मदतीसाठी पाहिलं. मी आत जाऊन वह्या तपासायला बसले. माईंच्या रागात मधे पडायची माझी छाती नव्हती.

अशा रीतीनं आपांच्या कोलेस्टेरॉलचं गाऱ्हाणं सातेरीपुढे घातलं गेलं. गावकर पुढे उभे राहिले, हातात नारळ. मागे आम्ही सगळे. आमच्याकडे गाऱ्हाणं असं मोठ्यानं, देवाला समोर बसवून सांगितल्यासारखं घालतात, आणि प्रत्येक वाक्याला मागच्यांनी होकार द्यायचा.

"गे आये सातेरी! आज ह्यो तुझो लेकरू तुझ्या पायाकडे इलो हा!"

"व्हय म्हाराजा!"

"तेच्या रक्तात जी काय माती साठली आसात, ती धुवन काढ गे आये!"

"व्हय म्हाराजा!"

"तेचे जे कोण झाडपी घराकडे बसले आसत, तेंका कामाक लाव!"

"व्हय म्हाराजा!" इथे ढोलवाल्याला हसू फुटलं आणि त्यानं ते खोकल्यात घातलं.

"शिगमोसर तो परक्या घरात खावचो नाय, रोज तुझ्या दाराक चलान येयत. आनी जो कोण तेका आग्रेव करीत, तेका तू बघून घे!"

या शेवटच्या वाक्याला "व्हय म्हाराजा" जरा दबक्या आवाजात आलं. वडीवाल्या बाईनं गालात मारून घेतलं. आपांनी मात्र डोळे मिटले होते आणि ते खरोखर काहीतरी मागत होते. काय, ते आम्हांला सगळ्यांना माहीत होतं.

त्यानंतरचे आपा म्हणजे वेगळाच माणूस. पहाटे कोंबड्याबरोबर उठून चालायला लागले. आधी रमतगमत, मग झपझप, मग चढावर बोलता बोलता. चालणं अंगवळणी पडल्यावर परसात, माडांच्या मधे, घोड्याचा नुसता सांगाडा कमरेला बांधून सावकाश फेऱ्या घालायचे. दम लागला की थांबायचे, कारण बाईंनी तसं बजावलं होतं. सोप्यावरची जागा सकाळची रिकामी दिसायला लागली आणि पाववाल्याला पहिले काही दिवस चुकल्यासारखं व्हायचं. स्वतः चालायला लागल्यावर आपांना बसलेल्या माणसांची कीव येऊ लागली. एक दिवस माझ्या फाटकाशी उभे राहून म्हणाले, "बाय, शाळेत पोरांका मैदानात धावडावतंस आनी आपण खुर्चेत बसतंस. तुझे झाडपी खय आसत?" मी म्हटलं, आपा, माझं वय काय! म्हणाले, "माझ्या वयाची जायसर बसलंस तर गाऱ्हाणा घालूचा लागात." गेले मुकाट्यानं त्यांच्याबरोबर. दुसऱ्या दिवशी पाय असे धरले की वर्गात खडू उचलायला वाकता येईना.

शिगम्याच्या आधी रक्त तपासलं. डॉक्टरीणबाईंनी कागद पाहिला आणि हसल्या. चढलेली ती चरबी चांगली खाली आली होती, गोळीनं ट्रक आवरले होते, आणि झाडपी? "थोडे वाढले आसत. जास्त नाय, पण इले कामाक." आपांनी तो कागद त्यांच्या हातातून घेतला आणि उलटा धरूनच कौतुकानं पाहत राहिले. "पयल्या दिसाक थोडेच येतत," ते म्हणाले, "मगे बाकीच्यांका कळता." बाईंनी घोडा बांधायला होकार दिला, एका अटीवर. "छातीत कायय वेगळा वाटला तर थयच थांबाचा आनी बसाचा. घोडो जमिनीक टेकलो तर टेकांदी. घोडे मेळतत, आपा मेळाचे नाय." आपांनी मान हलवली. त्या स्वतःही आल्या शिगम्याला, पर्समध्ये रक्तदाबाचं यंत्र घेऊन.

ढोल सुरू झाले. आपा पुढे, मागे बाकीचे घोडे. पांढरं धोतर, डोक्याला तांबडं पागोटं, मिशीला पीळ. ते वडाच्या दिशेनं नाचत निघाले तसे आम्ही सगळे मागोमाग, आणि मी प्रामाणिकपणे सांगते, नाच कुणी पाहत नव्हतं, सगळे आपांच्या छातीकडे पाहत होते. वड आला. गेल्या वर्षीची तीच जागा. आपांनी गती कमी केली. माझ्या शेजारी डॉक्टरीणबाईंनी पर्स उघडली. माई गर्दीतून ओरडल्या, "मेल्यांनू, ढोल जरा दमान वाजया!" ढोलवाल्यांनी ऐकलं, ताल खाली आणला. आपांनी वडाला तोंड करून घोडा एकदा मागे घेतला, मग पुढे, मग पूर्ण एक गिरकी घेतली आणि तलवार उंच करून देवळाच्या दिशेला वळले. असा काही ओरडा झाला! गावकर, सत्तरीचे गावकर, टाळ्या वाजवत उड्या मारत होते. देवळापर्यंत घोड्याची झूल एकदाही मातीला लागली नाही. माई रडत होत्या आणि मला सांगत होत्या की गुलाल डोळ्यांत गेला.

आता शिगमा झाला म्हणजे व्रत सुटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी अंगणात येते तर आपांच्या सोप्यावर रांग लागलेली. रस्त्यावरच्या प्रत्येक घरातून एक ताट. नारळाच्या वड्या, चण्याच्या डाळीचा गोड दोस, मणगणें, करंज्यांसारख्या नेवऱ्या, हॉटेलवाल्याची भजी केळीच्या पानात गुंडाळून. "व्रत सुटला मा? आता आमचा घेवकच होया!" इतक्या महिन्यांचा थांबलेला आग्रह एकदम फुटला होता. आपांनी सगळ्या ताटांकडे पाहिलं. भज्यांकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. मग चपला घातल्या, पिशवी घेतली आणि पायरी उतरले. "खय चललास?" माईंनी विचारलं. "देवळाकडे. फुडल्या शिगमोसर वाढवन घेवन येतंय." ताटं तशीच ढोलवाल्यांच्या पोरांकडे गेली.

मग तो रिवाजच पडला. दर शिगम्याला ताटं यायची, आपा प्रत्येक ताटाला हात लावून डोळ्यांना लावायचे आणि व्रत वाढवून घ्यायचे. सगळं सरळ झालं असंही नाही. एकदा स्वतःच्या अकलेनं गोळ्या बंद केल्या, "झाडपी आसत मा आता," म्हणून. पुढच्या तपासणीत ट्रक पुन्हा सुसाट, आणि डॉक्टरीणबाईंनी असं झापलं की परत येताना आपांनी स्कूटर आधी औषधाच्या दुकानापाशी थांबवायला लावली. कधी पावसात चुकवायचे, कधी जत्रेत मोह व्हायचा. पण चालणं थांबलं नाही. हळूहळू त्यांच्याबरोबर निम्मा वाडा चालायला लागला. वडीवाली बाई, तिची सून, हॉटेलवाला दुकान उघडण्याआधी, आणि स्वतः गावकर काठी टेकत. चहाचा आग्रह झालाच तर कुणीही म्हणायचं, "आपाचा व्रत आसा," आणि आग्रह थांबायचा. पार्स्याच्या बाजारात मी एका अनोळखी माणसालाही हे म्हणताना ऐकलंय. त्याला आपा कोण ते माहीत नव्हतं.

उल्हास बोट सोडून कायमचा घरी आला तेव्हा आपांनी घोडा त्याच्याकडे दिला. पण असा नाही. "आदी वर्सभर माझ्यावांगडा चल. मगे बांध." पहिल्या आठवड्यात उल्हास चढावर मागे पडायचा आणि आपा वर थांबून त्याला हटकायचे, "खय ऱ्हवलंस रे? बोटीवर काय बसानच होतंस?"

आपा गेले ते एका पावसाळ्यात, साध्या तापाचं निमित्त होऊन. हृदय शेवटपर्यंत बरं चाललं होतं असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आणि म्हणताना त्यांनी चष्मा काढून पुसला. बाराव्याच्या दिवशी रस्त्यावरच्या प्रत्येक घरातून एकेक पदार्थ आला. कुणी ठरवलं नव्हतं. वडी, दोस, मणगणें, नेवरी, केळीच्या पानात भजी. सगळं एका पानावर वाढून कावळ्यासाठी परसात माडाखाली ठेवलं.

कावळा आला. कुंपणावर बसला. पानाकडे मान वाकडी करून पाहत राहिला, पण पुढे येईना. आम्ही सगळे लांब उभे. उल्हासनं हात जोडले, "बाबा, घोडो मी बांधतलंय. टांगून ऱ्हवाचो नाय." कावळा हलला नाही. गावकर म्हणाले, "मान तुमच्याच घराचो, आपा. माझो शब्द." नाही. मी मनातल्या मनात सांगितलं, आपा, मी रोज चालेन. कावळ्यानं चोच कुंपणाला घासली आणि तिथेच बसून राहिला. वडीवाली बाई हुंदके द्यायला लागली, आपलीच वडी आवडली नाही म्हणून.

तेवढ्यात माई बाहेर आल्या. त्यांनी पानाकडे पाहिलं, कावळ्याकडे पाहिलं आणि त्या दिवसांत पहिल्यांदा हसल्या. "अरे, तेंचा व्रत आसा मा! परक्या घरातला कसे खातले?" मग पदर सावरून दोन पावलं पुढे झाल्या आणि कुंपणाकडे पाहून अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "व्रत सुटला तुमचा. देवीक मी सांगतंय. आता खावा."

कावळा उडाला तो सरळ पानावर. आधी वडी उचलली, मग भजी. आम्ही रडत होतो आणि हसतही होतो. माई तिथेच उभ्या होत्या, हाताला अजून ते घड्याळ.

"सावकाश खावा हां," त्या म्हणाल्या. "आता रक्त तपासूक कोण येवचा नाय."